पुढच्या बाकावरचं वजन

१

लढाईवरून परत आलो तेव्हा गावाला वाटलं, हा आता उसाच्या फडात उतरेल. पण माझं पाणी काही सुटलं नाही. ब्रह्मदेशात चिंदविन नदीवर आमची कंपनी होड्यांतून माणसं आणि माल पोचवायची. होडीच्या पाठीला टांगायची मोटार मी तिथंच शिकलो. मी सुटून आलो त्याच साली आमच्या कुरणवाडीच्या बाळगोंडा पाटलांनी पुण्याकडच्या लष्करी लिलावातून तसलीच एक मोटार आणली. त्यांची अर्धी जमीन कृष्णेच्या अल्याड, वाळवा तालुक्यात, आणि अर्धी पल्याड, सांगली संस्थानच्या हद्दीत. अर्जुना सुताराकडून त्यांनी सपाट बुडाची, तिघाचौघांची लहान नाव करून घेतली, मला बोलावलं आणि ती माझ्या हवाली केली. त्यांचे गडी, गावची माणसं, बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना मी आरपार न्यायला लागलो.

पाण्यात जायच्या आधी सगळं तपासायचं, ही खोड लष्करानं लावलेली. नाव रात्री घाटाला बांधलेली असायची, मोटार घरी. सकाळी ती खांद्यावर घालून आणायची, नावेच्या पाठच्या फळीवर बसवायची, दोन्ही क्लॅम्पचे स्क्रू आवळायचे आणि मग दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची. फळीला चीर गेली नाही ना, साखळी अडकवली ना, पंख्याची पिन शाबूत आहे ना. मग वल्ही, दोर, पाणी उपसायचा डबा आणि बुडत्याला धरायला भोपळ्यांची सांगड. लोक हसायचे. म्हणायचे, नाथाजी नावेला आंघोळ घालून, गंध लावूनच निघतो.

सगळ्यात शेवटी मी काठावर उतरून नावेच्या कुशीवरची रेघ बघायचो. ती पांढऱ्या रंगाची रेघ मीच ओढलेली. नाव रिकामी असली की रेघ पाण्याच्या वीतभर वर दिसायची. माणसं भरली की पाणी तिच्याकडं चढायचं. रेघ बुडाली की एकालाही आत घ्यायचं नाही, एवढा साधा हिशेब.

१९४७ चा आषाढ लागला होता. त्या सकाळी सगळं तपासून मी काठावर उतरलो आणि मागं वळून बघितलं, तर मोटार मला तिरकी वाटली. पंखा पाण्यातून वर आल्यासारखा. क्लॅम्प सरकले असतील म्हणून पुन्हा चढलो, स्क्रू बघितले. ते बोटानं हलत नव्हते. परत खाली उतरलो. आता लक्षात आलं की मोटार जागच्या जागी आहे, नावच पुढून दबली आहे. पुढच्या बाजूला रेघ पाण्यापासून चार बोटंही वर नव्हती.

नावेत कुणी नव्हतं.

२

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते गळतीचं. बुडाच्या फळ्या उचलून बघितल्या. खाली हात घातला, कोरडं होतं. दोर कुठं पाण्याखाली अडकून नाव ओढत असेल म्हणून दोर सोडून बघितला. लाकूड पाणी प्यायलं असेल असंही वाटलं, पण लाकूड पाणी प्यायलं तर सगळीकडून पितं, एकाच बाकाखाली नाही.

दुपारी अर्जुनाला बोलावून आणलं. मोटार उतरवून आम्ही दोघांनी नाव काठावर ओढली. ती नेहमीसारखी सहज आली. अर्जुनानं तिला पालथी करून सांधा न् सांधा ठोकून बघितला. त्याच्या कामात खोट काढल्यासारखं झालं म्हणून तो जरा घुश्शातच होता. सगळं खणखणीत निघालं. मग आम्ही तिला परत पाण्यात सोडली, आणि ती तरंगली ती अगदी सरळ. रेघ वीतभर वर.

अर्जुना हसला. मलाही हायसं वाटलं. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो, त्यानं चंची सोडली.

पान लावता लावता त्याचा हात थांबला. मी त्याच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. नाव हळूहळू पुढून खाली चालली होती. हेलकावा नाही, पाण्याचा आवाज नाही. एखादं म्हातारं माणूस दुसऱ्याला त्रास नको म्हणून आधी एक पाय ठेवतं, मग दुसरा, मग बाकाला धरून बसतं, तशी ती टप्प्याटप्प्यानं दबली आणि थांबली.

"वाळू भरली आसंल," अर्जुना म्हणाला.

आत्ताच आम्ही ती नाव पालथी केली होती. त्यानं चंची गुंडाळली, लाकूड तासायचा वाकस उचलला आणि घाट चढून गेला. त्यानंतर त्याचं माझ्याकडं बघणं बदललं. नदीवर तो त्या पावसाळ्यात पुन्हा आला नाही.

३

मी नाव बंद केली नाही. बंद करायला कारण काय सांगणार? नाव बुडत नव्हती, मोटार चालत होती. मी स्वतःला सांगितलं की तू चिंदविनवर याहून अवघड ओझी नेलीस. ओझं कशाचं का असेना, नावाड्यानं रेघ बघायची.

एक माणूस कमी घ्यायला लागलो. पुढून नाव जड, त्यामुळं पंखा वर यायचा आणि मोटार मधूनच हवा खाऊन किंचाळायची. म्हणून बसणाऱ्यांना मागं सरकवायचो. पण एक गोष्ट मला न सांगताच व्हायला लागली. पुढच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. लोक येत, उभे राहात, आणि दुसरीकडं जागा करून घेत. एकदा बाजाराला निघालेल्या एका बाईनं आपली पाटी त्या बाकावर ठेवली. नाव निघाली नाही तोवर तिनं ती उचलून मांडीवर घेतली आणि पल्याड जाईपर्यंत तशीच धरून बसली. भरलेली पाटी, वांग्यांची. मी विचारलं तेव्हा म्हणाली की तिथं वलं हाय. मी उतरल्यावर हात लावून बघितला. बाक कोरडं होतं.

कोण असेल, हा विचार मीही केला. लढाईत माझ्या होडीतून गेलेले, परत न आलेले चेहरे एकेक करून आठवले. नदीनं गावातली माणसं नेली होती, तीही आठवली. पण त्या वजनाला ओळख लागत नव्हती. ते माझ्याशी काही बोलत नव्हतं, मला काही मागत नव्हतं. पल्याड पोचलं की उतरतही नव्हतं. दिवसभर माझ्याबरोबर ये-जा करायचं.

शेवटी बाळगोंडाअण्णांना सांगितलं. एवढंच म्हणालो की नाव एका माणसानं जड झाली आहे. ते हसतील असं वाटलं होतं. ते घाटावर आले आणि धोतराचा सोगा हातात धरून बराच वेळ नावेकडं बघत राहिले. मग म्हणाले की एक माणूस कमी घेत जा. का, कशामुळं, काही विचारलं नाही. पायऱ्या चढताना त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं.

४

आषाढ संपता संपता वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि कृष्णा फुगली. पाणी तांबडं होऊन घाटाच्या अर्ध्या पायऱ्यांवर आलं. अण्णांनी नाव बांधून ठेवायला सांगितली.

त्यांची मुलगी गुणमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई नव्हती, घरात अण्णाच. एका सकाळी उजाडताना सुईण बनाबाई माझ्या दारात आली. रात्रभर कळा येत होत्या, मूल आडवं होतं, तिच्या हातून ते फिरत नव्हतं. ओढ्याला पाणी आल्यानं इस्लामपूरचा रस्ता तुटलेला. पल्याड गेलं तर सांगलीचा दवाखाना गाठता येईल. बनाबाई उगीच घाबरणारी बाई नव्हती. आमच्या अर्ध्या गावाला तिनंच जगात आणलेलं.

"नाथा, दोगं जात्यात बघ," ती म्हणाली. "माझ्यानं न्हाई हुईत आता."

मी मोटार खांद्यावर घेतली.

घाटावर आलो. नाव पुढून दबलेलीच होती. माझ्या मागोमाग गुणमालाला बाजेवर घालून चार गडी घेऊन आले, बरोबर अण्णा. ते घाई करत होते. मी घाई केली नाही. मोटार फळीवर ठेवली, एक स्क्रू आवळला, दुसरा आवळला. हलवून बघितली. साखळी लावली. पिन काढून डोळ्यांसमोर धरली, तिच्यावर घासल्याची खूण दिसली म्हणून कनवटीची नवी घातली. पाठच्या फळीवर सगळीकडून अंगठा फिरवला. गुणमाला बाजेवर ओठ चावून विव्हळत होती आणि अण्णा माझ्याकडं मी त्यांचा वैरी असल्यासारखे बघत होते. पण मधल्या धारेत एक स्क्रू सुटला तर ना दवाखाना ना घर, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. वल्ही, दोर, डबा, सांगड. मग रेघ.

गुणमालाला नावेच्या मधोमध, तळावर कडबा पसरून झोपवलं. बनाबाई तिच्या उशाशी बसली. मी मागं. पाणी रेघेच्या बोटभर खाली आलं. अण्णांनी आत पाय ठेवला आणि रेघ गेली.

"अण्णा, तुमी ऱ्हावा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पुढच्या रिकाम्या बाकाकडं. एकुलत्या एक मुलीला सोडून काठावर थांबायचं, आणि ते कशासाठी, हे त्या माणसाला कळलं होतं. त्यांनी पाय मागं घेतला. पायरीवर दोन्ही हात जोडून उभे राहिले. ते हात मला जोडले होते की बाकाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

५

मी नाव वरच्या अंगाला धरून तिरकी घातली. काठाजवळ पाणी बरं होतं. मधल्या धारेला लागलो आणि नदीनं आपलं रूप दाखवलं. मुळासकट उपटलेली बाभळ शेजारून गेली. तिच्या लाटेनं नाव उचलली गेली, आणि पुढचं तोंड वर यायच्या ऐवजी पाण्यात घुसलं. तांबडं पाणी आत आलं. त्याच वेळी पंखा हवेत आला, मोटार किंचाळली, आणि नाव धारेबरोबर आडवी व्हायला लागली.

बनाबाई डब्यानं पाणी उपसत होती. मी तिला मागं सरकायला सांगितलं. ती सरकली, काही फरक पडला नाही. दुसरी लाट आली. पाणी गुणमालाच्या केसांपर्यंत पोचलं.

आता पुढच्या लाटेला नाव भरणार, हे मला दिसत होतं. करण्यासारखं एकच उरलं होतं, ते मी इतके दिवस केलं नव्हतं. मी पुढच्या बाकाकडं तोंड करून बोललो.

"मागं ये. माझ्याजवळ बस."

बाकाच्या लाकडानं बारीक आवाज केला. पुढचं तोंड पाण्यातून सुटलं. मग नावेच्या मधल्या भागात वजन आलं, ते मला पायाखालच्या फळीतून कळलं. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. गुणमाला उताणी पडली होती. तिच्या कळा कुठं गेल्या कुणास ठाऊक, तिचे डोळे उघडे होते, आणि ती काहीतरी बघत होती. तिच्या अंगावरून जे ओलांडून जात होतं त्याच्याबरोबर तिची नजर पायांकडून छातीवर, छातीवरून डोक्याकडं, तशी सरकत गेली. बनाबाईनं उपसणं सोडलं आणि आपला पदर तिच्या डोळ्यांवर टाकला. स्वतः तिनं मान खाली घातली, वर बघितलं नाही.

मग माझ्या शेजारचं बाक दबलं.

नावेची पाठ खाली गेली, पंखा खोल पाण्यात बसला, मोटारीचा आवाज एकदम भरीव झाला. नाव सरळ झाली. माझा डावा दंड, कोपरापासून खांद्यापर्यंत, विहिरीच्या तळातल्या चिखलात घातल्यासारखा गार पडला. मी तिकडं बघितलं नाही. समोरचा काठ बघायचा आणि क्लॅम्पचे स्क्रू बघायचे, दुसरं काही बघायचं नाही, असं ठरवलं आणि तसंच केलं. कुणीतरी माझ्याबरोबर श्वास घेत होतं. मी रोखला की तोही थांबत होता.

६

पल्याड उताराच्या माथ्यावर बिराप्पा राहायचा, त्याची बैलगाडी तिथं असायचीच. नावेतून उतरणाऱ्यांना तो सांगलीला सोडायचा. त्यानं आणि अण्णांच्या पल्याडच्या रानातल्या दोन गड्यांनी गुणमालाला उचलून गाडीत घातलं, वर घोंगड्याचा आडोसा केला. बनाबाई तिच्याजवळ बसली.

मी नाव बांधायला वाकलो आणि रेघ बघितली. ती वीतभर वर होती. नाव पाण्यावर हलकी नाचत होती. माझा दंडही उबदार झाला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती नाव माझी एकट्याची झाली. मी खाली बसलो आणि मोठा श्वास घेतला. ते उतरलं होतं. त्याला इथंच यायचं असेल, असं मला वाटलं.

वरून बिराप्पाचा आवाज आला. तो बैलांना शिव्या देत होता. मी वर गेलो तर गाडी जागची हलली नव्हती. गाडी उलाळ झाली होती. मागून एवढी जड की जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळले गेले होते. बैल फुरफुरत होते.

"दोन बायकांचं वझं," बिराप्पा म्हणाला, "आन गाडी मागं बसतीया. माझी बैलं आशी कवा आडली न्हाईत."

मी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. घोंगडं खालपर्यंत सोडलेलं होतं. त्याच्या खालून दोन पाय लोंबत होते. गाडीत मागच्या कडेला बसून माणूस पाय सोडतं, तसे. ते बनाबाईचे नव्हते, तिची बांगड्या भरलेली मूठ गाडीच्या पलीकडच्या कडेला, साटीवर, मला दिसत होती. पांढरे पाय, पाण्यात फार दिवस राहिल्यावर कातडी होते तसे सुरकुतलेले, एकमेकांना जुळवून धरलेले. भरवशाच्या जागी बसलेल्या माणसासारखे ते सावकाश हलत होते. अंगठ्यांवरून पाणी ठिबकत होतं. आतून गुणमालाचा आवाज येईनासा झाला होता.

मला परत जाता आलं असतं. नाव मोकळी होती, आणि हे कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, पण तो टिकला नाही. इतक्या दिवसांत मी एकाही माणसाला अर्ध्या वाटेत सोडलं नव्हतं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

"उतर," मी म्हणालो. पाय हलायचे थांबले. "ही गाडी तुझी न्हाई. तुझी जागा माझ्या नावंत हाय. मी नेतो तुला, जवा म्हनशील तवा. हिला जाऊ दे."

काही झालं नाही. बिराप्पा माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होता. मग जू धाडकन बैलांच्या मानेवर आलं, आणि बैल कुणी न हाकता चालायला लागले. आतून गुणमालानं मोठ्यानं कण्हल्याचं ऐकू आलं. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

मी तोवर पाठ फिरवली होती. उताराच्या चिखलातून नदीकडं चालत होतो. माझ्या मागून चिखलात पावलं रुतण्याचा आणि निघण्याचा आवाज येत होता. मी हळू चाललो की ती हळू, मी थांबलो की तीही थांबायची. मी वळून बघितलं नाही. नावेजवळ आलो, क्लॅम्प तपासले, साखळी तपासली, पिन तपासली. सगळं पुन्हा एकदा तपासलं. मग दोर सोडला. मी आत पाय ठेवायच्या आधीच नाव मागून दबली.

अल्याड अण्णा अजून त्याच पायरीवर उभे होते.

७

गुणमाला जगली. मूलही जगलं, मुलगी झाली. दिवाळीनंतर ती माझ्याच नावेतून माहेरी परत आली, पोरीला छातीशी धरून. ती पुढच्या बाकावर बसली, नदीकडं तोंड करून. वाटेत मी तिला पोरीचं नाव विचारलं. तिनं ते सांगितलं, पण माझ्याकडं वळून नाही. उतरताना मात्र तिनं नावेच्या पाठच्या बाजूला वाकून नमस्कार केला आणि पोरीचं कपाळ लाकडाला टेकवलं. मी त्या वेळी नावेच्या तोंडाशी दोर धरून उभा होतो.

पुढच्या बाकावर आता लोक बसतात. नावेत माणसं किती घ्यायची ते मी ठरवतो आणि मला कुणी विचारत नाही.

पुरानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी अर्जुनाकडं गेलो होतो. नाव मागून जास्त दबत होती, पंखा फार खोल जाऊन गाळ उडवत होता. मोटार वर घ्यायला हवी होती, त्यासाठी पाठच्या फळीवर बसवायला एक जाड ठोकळा पाहिजे होता. तो लाकूड निवडत होता. जाडी किती ठेवायची ते वजनावर ठरणार, म्हणून त्यानं मान वर न करता विचारलं की मोटारीपाशी किती माणसं बसतात.

"दोगं," मी म्हणालो.

त्यानं लाकूड खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि रंधा मारायला लागला.